हागवॉन की हायस्कूल: कोरियातल्या दोन नोकऱ्यांची पारख

सकाळी दहाच्या तासाला बाकावर डोकं टेकून गाढ झोपलेला कोरियन मुलगा रात्री नऊ वाजता हागवॉनमध्ये ताठ बसून इंग्रजी शब्द घोकत असतो. मुलगा तोच, भाषाही तीच. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्याने शाळेची नोकरी घ्यावी की हागवॉनची, याचं निम्मं उत्तर या मुलात आहे. उरलेलं निम्मं कराराच्या बारीक अक्षरांत असतं, आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत.

हागवॉन म्हणजे खासगी क्लास. लातूर पॅटर्न माहीत असलेल्या माणसाला हे फार समजावायला नको. फरक एवढाच की तिथे क्लासचं वेड दहावी-बारावीला नव्हे, बालवाडीपासून लागतं. २०२४ साली कोरियन पालकांनी खासगी शिकवण्यांवर २९.२ लाख कोटी वॉन खर्च केले आणि शाळकरी मुलांपैकी ८० टक्के मुलं कुठली ना कुठली शिकवणी लावून होती. सोलमधला देची-दोंग हा भाग तर क्लासच्या पाट्यांनीच ओळखला जातो. दुसरी वाट सरकारी शाळेची. तिथली भरती बहुतेक वेळा एपिक या शिक्षण मंत्रालयाच्या कार्यक्रमातून होते. तो १९९५ पासून चालू आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला सरकारी शाळा मिळत असेल तर शाळा घ्यावी. मात्र शाळांमध्ये हायस्कूल (तिथे ही आपल्या दहावी ते बारावीसारखी तीन वर्षं) ही सर्वांत चांगली जागा आहे असं समजून हुरळून जाऊ नये. हागवॉन वाईटच असतं असंही नाही. चांगलं हागवॉन साध्या हायस्कुलापेक्षा शिकवण्याचा आनंद जास्त देतं. पण ते ओळखता आलं पाहिजे, आणि न ओळखल्याची किंमत शाळेपेक्षा हागवॉनमध्ये कितीतरी जास्त मोजावी लागते.

त्याआधी पासपोर्टचं बघा, कारण अनेकांचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. इंग्रजी संभाषण शिकवण्यासाठीचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीय पासपोर्टवर हागवॉनमध्ये नोकरी मिळत नाही. एखादा एजंट ‘होऊन जाईल’ म्हणाला तर फोन ठेवून द्यावा. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापक आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यातून भारतीयांसाठी एक छोटं दार उघडलं, ते फक्त शाळांमधल्या इंग्रजीच्या सहायक शिक्षकाचं. त्यासाठी पदवी आणि इंग्रजी विषयातली शिक्षकाची पात्रता, म्हणजे आपल्या भाषेत इंग्रजी घेऊन केलेलं बीएड, हातात लागतं. म्हणजे नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या शिक्षिकेपुढे ‘हागवॉन की शाळा’ हा प्रश्न उभाच राहत नाही.

टोरांटोत किंवा न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी घरातल्या मुलामुलींसमोर तो खरोखर उभा राहतो. पण तिथेही एक खोच आहे. नुसता पासपोर्ट पुरत नाही. पदवीही इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशातल्या विद्यापीठाची लागते. पुण्यात बीए करून मग कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या माणसाची फाइल इथे अडते. एपिक तर त्याहून मागे जातं. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबातल्या उमेदवाराला सातवीपासूनचं शिक्षण त्या देशात झाल्याचे कागद दाखवावे लागतात. आईवडिलांनी दहावीनंतर नेलं असेल तर एपिकचा अर्ज भरण्यात वेळ घालवू नये.

आता हागवॉन. लहान मुलांच्या हागवॉनचा दिवस सकाळी नऊ-साडेनऊला सुरू होऊन संध्याकाळी सहाला संपतो. शाळकरी मुलांच्या हागवॉनचा दिवस दुपारी एक-दोनपासून रात्री नऊ-दहापर्यंत. सोलमध्ये रात्री दहानंतर क्लास चालवायला बंदी आहे, म्हणून दहाला दिवे मालवतात. काही प्रांतांत ही वेळ आणखी पुढे आहे. ‘इंग्रजी बालवाडी’ असं पाटीवर लिहिलेलं असलं तरी कायद्याच्या नजरेत तेही हागवॉनच, तेव्हा शाळेच्या सुट्ट्या आणि शाळेचे नियम तिथे लागू होतील या भ्रमात राहू नये.

करारात पहिली नजर टाकायची ती ‘आठवड्याला ३० शिकवण्याचे तास’ या ओळीवर. ऐकायला कमी वाटतं. पण तो तास घड्याळाचा की तासिकेचा? तासिका ४० मिनिटांची असेल आणि करारातला तास घड्याळाचा असेल, तर ३० तास म्हणजे १८०० मिनिटं, म्हणजे आठवड्याला ४५ तासिका, रोजच्या नऊ. मधली पाच-पाच मिनिटं वर्ग बदलण्यात जातात. वह्या तपासणं, मासिक प्रगतिपत्रकावर प्रत्येक मुलासाठी चार ओळी लिहिणं आणि काही ठिकाणी मुलांना घरी फोन करून त्यांच्याशी इंग्रजीत बोलणं, हे सगळं त्या ३० तासांच्या बाहेर. म्हणून करारात दोन आकडे लिहून घ्यावेत: तासिका किती मिनिटांची आणि आठवड्याला जास्तीत जास्त तासिका किती. त्यावरच्या प्रत्येक तासिकेचे पैसे किती हेही त्याच ओळीत हवं.

दुसरी नजर कर्मचाऱ्यांच्या संख्येवर. कोरियाच्या कामगार कायद्यातली बरीच कलमं पाच किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांनाच लागू होतात. वार्षिक पगारी रजा, जादा कामाला दीडपट दर, विनाकारण काढून टाकण्यापासून संरक्षण, हे सगळं त्यात येतं. चार माणसांचं हागवॉन घरगुती आणि प्रेमळ वाटतं, मालकीणबाई स्वतः किमची आणून देतात, आणि मग रजा मागितली की कळतं की ती द्यायला त्या बांधील नाहीत. पाच किंवा अधिक माणसं असतील तर पहिल्या वर्षी महिन्याला एक याप्रमाणे ११ दिवस आणि वर्ष पूर्ण झाल्यावर १५ दिवस पगारी रजा कायद्यानेच मिळते. ‘आमच्याकडे दहा दिवस रजा’ अशी जाहिरात वाचून खूश होण्यासारखं काही नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महागात पडते, आणि ती म्हणजे ३.३ टक्के. पगारपत्रकावर कपातीची एकच ओळ असेल आणि ती बरोबर ३.३ टक्क्यांची असेल, तर मालकाने तुम्हाला नोकर न दाखवता स्वतंत्र व्यावसायिक दाखवलं आहे. पहिल्या महिन्यात हातात चार पैसे जास्त येतात म्हणून बरं वाटतं. पण मग निवृत्तिवेतनात मालकाचा वाटा नाही, आरोग्य विम्यात मालकाचा वाटा नाही, आणि वर्षाअखेरीस ग्रॅच्युइटी मागितली की ‘तुम्ही कर्मचारी नव्हतातच’ हे उत्तर तयार. प्रत्यक्षात ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, मालकाच्या पुस्तकातून शिकवणारा माणूस कर्मचारीच असतो, आणि कामगार कार्यालयात तसं सिद्धही करता येतं. पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा सही करण्याआधी विचारणं सोपं. योग्य पगारपत्रकावर सहसा निदान तीन कपाती दिसतात: आयकर, राष्ट्रीय निवृत्तिवेतन आणि आरोग्य विमा. पेन्शनचा कर्मचाऱ्याचा वाटा २०२५ पर्यंत ४.५ टक्के होता, २०२६ पासून ४.७५ आहे. तेवढाच मालक भरतो. आरोग्य विम्याचे साधारण साडेतीन टक्के, तिथेही मालकाचे तेवढेच.

ग्रॅच्युइटीला तिथे थ्वेजिकगुम म्हणतात. सलग एक वर्ष नोकरी झाली की एका वर्षामागे ३० दिवसांचा सरासरी पगार, आणि तो नोकरी सुटल्यापासून १४ दिवसांत द्यायचा असतो. यात दोन खोड्या होतात. एक म्हणजे ‘ग्रॅच्युइटी मासिक पगारात धरली आहे’ असं कलम. ते बेकायदा आहे, सही केलेली असली तरी. दुसरी म्हणजे अकराव्या महिन्यात अचानक शिकवण्यात दोष दिसू लागतात. पालकांच्या तक्रारी आल्याचं सांगितलं जातं आणि वर्ष पूर्ण व्हायच्या आत रामराम. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक लेखी सूचना, प्रत्येक पगारपत्रक आणि बँकेत पगार जमा झाल्याची नोंद स्वतःकडे ठेवावी. ‘मुदतीआधी सोडलं तर इतके लाख दंड’ असं कलम दिसलं तर घाबरू नये, कामगार कायद्याच्या कलम २० नुसार असा आधीच ठरवलेला दंड चालत नाही. विमानभाड्याची गोष्ट वेगळी, ते सहा महिन्यांच्या आत सोडल्यास परत मागितलं जातं.

एवढं वाचून कोणी हागवॉन घेईलच कशाला? तर वर्गात दहा-बारा मुलं असतात, रोजची तीच असतात, आणि तीन महिन्यांत त्यांच्या बोलण्यात पडलेला फरक कानांना ऐकू येतो. भरती बारा महिने चालू असते. शहर, कधी कधी गल्लीसुद्धा निवडता येते. सकाळ मोकळी मिळते. शिकवण्याचं कसब कमवायचं असेल तर वर्षभरात इतक्या तासिका दुसरीकडे कुठे मिळणार? तोट्याच्या बाजूला हे लक्षात ठेवायचं की इथला गिऱ्हाईक पालक आहे. वर्गात कॅमेरा असतो, बाहेर त्याचं चित्र दाखवणारा पडदा, आणि फी महिन्याच्या महिन्याला येते. एका पालकाने मूल काढलं की मालकाचा चेहरा बदलतो. मार्चमध्ये शालेय वर्ष सुरू होताना मुलांची क्लास बदलायची धावपळ होते, तेव्हा कमकुवत हागवॉनचे पगार लांबायला लागतात. त्यात कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ वर गेला होता. मुलंच कमी होत असलेल्या देशात नवीन इंग्रजी बालवाडीत नोकरी घेताना मालकाची ही पहिली शाखा आहे की पाचवी, हे विचारून घ्यावं.

हायस्कूलचा कारभार अगदी उलट. सकाळी साडेआठ ते दुपारी साडेचार. आठवड्याला २२ तासिका, त्यावर शिकवलं तर जादा मानधन. हायस्कूलची तासिका ५० मिनिटांची (प्राथमिकची ४०, मधल्या मिडल स्कूलची ४५), म्हणजे प्रत्यक्ष शिकवणं आठवड्याला १८ तास २० मिनिटं. बाकीचा वेळ स्वतःच्या टेबलाशी. पगार सरकारी खात्यातून येतो, तो बुडत नाही. ३.३ टक्क्यांचा खेळ नाही. सुट्टी साधारण २६ कामाचे दिवस. एकट्यासाठी सुसज्ज खोली किंवा घरभाडे भत्ता. सुरुवातीला घर मांडायला तीन लाख वॉन, येताना आणि वर्ष पूर्ण करून जाताना प्रत्येकी १३ लाख वॉन प्रवासभत्ता. सहा महिन्यांत सोडलं तर सुरुवातीचा पैसा परत करावा लागतो.

मग खटकतं कुठे? सुनुंगपाशी. ही नोव्हेंबरमधली कोरियाची विद्यापीठ प्रवेश परीक्षा. इंग्रजीचा पेपर ७० मिनिटांचा, ४५ प्रश्न, त्यातले पहिले १७ ऐकून सोडवायचे, उरलेले २८ वाचून. ऐकण्याच्या भागाच्या वेळी देशभर विमानांचं उड्डाण आणि उतरणं अर्धा तासाहून अधिक काळ थांबवलं जातं, इतकं त्या १७ प्रश्नांना महत्त्व. पण त्या अख्ख्या पेपरात बोलण्याचा एकही गुण नाही. आणि परदेशी शिक्षकाला नेमलेलं असतं बोलणं शिकवायला. मुलांना हे गणित तुमच्याआधी कळलेलं असतं. रात्री दहापर्यंत हागवॉन, नाहीतर शाळेतच सक्तीसारखा रात्रीचा अभ्यास, आणि सकाळी तुमची तासिका. झोप तिथेच काढली जाते. हा तुमच्या शिकवण्याचा अपमान नव्हे. तुमच्या तासाला मूल्य नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यावर एक उतारा आहे, आणि हायस्कूल स्वीकारण्याआधी विचारायचा एकमेव महत्त्वाचा प्रश्न तोच: परदेशी शिक्षकाची बोलण्याची चाचणी सुहेंग-प्योंगामध्ये धरतात का? हे शाळेचं वर्षभराचं प्रात्यक्षिक मूल्यमापन. त्याचे गुण थेट शालेय श्रेणीत जातात, आणि शालेय श्रेणी विद्यापीठ प्रवेशात मोजली जाते. तुमच्या हातात तिथले दहा गुण असले तरी वर्ग जागा होतो. नसतील तर जगातला कुठलाही खेळ, कुठलीही चित्रफीत शेवटच्या दोन रांगांना उठवू शकत नाही.

दुसरी अडचण संख्येची. २२ तासिका म्हणजे बहुधा २२ वेगळे वर्ग, प्रत्येकाशी आठवड्यातून एकदा गाठ. वर्गात पंचवीस-अठ्ठावीस मुलं धरली तर साडेपाचशे-सहाशे चेहरे. नावं लक्षात राहत नाहीत. तयारी मात्र कमी लागते, पहिल्या वर्षाला एक पाठ आणि दुसऱ्या वर्षाला एक. तोच पाठ सोमवार ते शुक्रवार अकरा वेळा. सोमवारी तो फसतो, मंगळवारी बसतो आणि गुरुवारी तुम्हालाच त्याचा कंटाळा येतो. तिसऱ्या वर्षाची मुलं सहसा परदेशी शिक्षकाकडे देतच नाहीत. एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीला, जुलैत, ऑक्टोबरात आणि डिसेंबरात परीक्षा. त्याआधीच्या आठवड्यात ‘आज तुमचा तास स्वाध्यायाला देतो’ असा निरोप पाच मिनिटं आधी येतो. उन्हाळी-हिवाळी सुट्टीत मुलं नसतात, पण तुमची रजा संपली की रिकाम्या शाळेत टेबलाशी बसायला यावंच लागतं. हिवाळ्यात अशा वेळी वर्गाचं हीटिंग बंद असतं, तेव्हा पायाखाली ठेवायचा छोटा हीटर घ्यावा.

कागदोपत्री परदेशी शिक्षक सहायक असतो आणि वर्गात कोरियन सहशिक्षक असायला हवा. प्राथमिक शाळेत तो खरोखर बरोबर शिकवतो. हायस्कूलमध्ये तो मागे बसून पेपर तपासतो, किंवा येतच नाही. तरीही घराचा गळका नळ, बँकेचं खातं, परदेशी नागरिक नोंदणीपत्र, सगळं त्या एका माणसामार्फतच होतं. त्याच्याशी सूर जुळला तर हायस्कूलचं वर्ष सुखाचं जातं, नाही जुळला तर दुसरा कोणी विचारत नाही. हागवॉनमध्ये निदान चार परदेशी सहकारी असतात. शाळेत तुम्ही एकटेच.

आणखी एक: एपिकमध्ये ‘मला हायस्कूलच हवं’ म्हणून ते मिळत नाही. पसंती कळवता येते, बहुतेकांच्या वाट्याला प्राथमिक शाळा येते. खरं तर शिकवण्याच्या दृष्टीने तीच चांगली. सत्रं दोनच, फेब्रुवारीअखेर आणि ऑगस्टअखेर पोचायचं. अर्ज त्याच्या पाच-सहा महिने आधी. इंग्रजी शिकवण्याचं किमान १०० तासांचं प्रमाणपत्र लागतं, शिक्षणशास्त्राची पदवी असेल तर त्यात सूट. हागवॉनला ते प्रमाणपत्र सक्तीचं नाही.

पैशाचं म्हणाल तर दोन्हीकडे सुरुवात २२ ते २५ लाख वॉनच्या आसपास, म्हणजे सव्वा ते दीड लाख रुपये. हा आकडा मोठा वाटू देऊ नका. २०२६ चं कोरियाचं किमान वेतन ताशी १०,३२० वॉन आहे. महिन्याचे २०९ तास धरले की २१,५६,८८० वॉन होतात. बावीस लाखांची ऑफर म्हणजे किमान वेतनावर घराची सोय, एवढंच. हागवॉन अनुभवानंतर लवकर वाढवून देतं. शाळेत श्रेणीचा तक्ता असतो आणि तो हळू चढतो. शाळेची एक झाकलेली बाजू म्हणजे आयकर. अमेरिकी किंवा ब्रिटिश नागरिकाला दोन देशांमधल्या करविषयक करारान्वये सरकारी शाळेत दोन वर्षं आयकर माफ होऊ शकतो, त्यासाठी मायदेशातून कर-रहिवासी असल्याचा दाखला निघण्याआधीच काढून न्यावा लागतो. कॅनडाच्या नागरिकाला ही सवलत नाही.

कागदपत्रं दोन्हीकडे तीच: अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणन) केलेली पदवी, राष्ट्रीय पातळीवरचा अपोस्टिल केलेला गुन्हेगारी नोंदीचा दाखला, सीलबंद गुणपत्रक, आरोग्याचं स्वयंघोषणापत्र. सगळ्यांत वेळ खातो तो दाखला, आणि तो सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. फार लवकर काढला की शिळा होतो, उशिरा काढला की विमान चुकतं. अमेरिकी अर्जदारांची नेहमीची चूक म्हणजे राज्याच्या पोलिसांचा दाखला काढणं. लागतो तो एफबीआयचा. पोचल्यावर वैद्यकीय तपासणीत अमली पदार्थांची चाचणी होते आणि ९० दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते. ई-२ व्हिसा मालकाशी बांधलेला आहे. मध्येच नोकरी बदलायची तर जुन्या मालकाचं मुक्तिपत्र लागतं, आणि बाजूला खासगी शिकवणी घेतलेली पकडली गेली तर दंड, कधी थेट परतीचं तिकीट. शाळा असो वा हागवॉन, यात सूट नाही.

सही करण्याआधी सध्या तिथे शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाशी बोलायला मागा, आणि तेही मालक समोर नसताना. त्याला तीनच गोष्टी विचारा: पगार ठरलेल्या तारखेला येतो का, पगारपत्रकावर पेन्शनची ओळ आहे का, आणि तुमच्या आधीचा शिक्षक वर्ष पूर्ण करून गेला का. बोलू द्यायला जो मालक कां-कूं करतो त्याच्याकडे जाऊ नये. पगार अडला तर कामगार मंत्रालयाचा मदत क्रमांक १३५०, व्हिसाच्या प्रश्नांसाठी १३४५.

पेन्शनची ओळ इतक्यांदा आली त्याचं कारण निघताना कळतं. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना देश सोडताना स्वतःचा आणि मालकाचा असे दोन्ही वाटे एकरकमी परत मिळतात. ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंडच्या नागरिकांना ते मिळत नाहीत, आणि दक्षिण आफ्रिकेच्या नागरिकाची मुळात कपातच होत नाही. चोवीस लाखांच्या पगारावर वर्षभरात ही रक्कम एका महिन्याच्या पगाराच्या पुढे जाते. अर्ज निघण्याच्या महिनाभर आधीपासून पेन्शन कार्यालयात करता येतो. त्याला परतीच्या तिकिटाची प्रत जोडावी लागते, म्हणून तिकीट आधी काढायचं आणि कोरियन बँकेचं खातं घाईघाईने बंद करायचं नाही.